कडी काढणाऱ्याचं नाव

ओउलू, फेब्रुवारीचा पहिला आठवडा.
चार वाजताच खिडकी निळी-काळी.
बूट दाराशी, पायात लोकरी मोजे,
ताइमी कोक्कोनेन शोधते आहे
एका मशीनचा वेळ कुठे जातो ते.

मशीन मोबाइल टॉवरचं, पॅकेटं पुढे ढकलणारं.
सकाळी धावतं, दुपारी अडखळतं.
ती कर्नलमध्ये प्रोफायलर सोडते:
सेकंदाला चार हजार वेळा
खांद्यावर टकटक.
काय चाललंय? कुठल्या ओळीवर आहेस?

दर टकटकीला कोअर
हातातलं काम खाली ठेवतो,
रजिस्टरं एकेक करून स्टॅकवर रचतो,
हँडलरकडे जातो, उत्तर देतो, परत येतो,
रचलेलं उचलतो,
बघतो तर कॅशमधली त्याची मांडामांड
कुणीतरी बाजूला सारलेली.
पुन्हा मेमरीपर्यंत हेलपाटा.

कागदावर हिशोब सोपा.
एका टकटकीचे पाच मायक्रोसेकंद,
गुणिले चार हजार. शंभरात दोन.
दोनच ना, चालतंय की,
ओस्मो म्हणतो, कॉफी ओतता ओतता.
पण प्रोफायलर बंद केला
की पॅकेटं शंभरामागे सात जास्त जातात.
मधले पाच कुठे सांडले
हे प्रोफायलरला विचारून उपयोग नाही.
केर काढणारा स्वतःच्या पायाखालचा
केर सोडून सगळा काढतो.

आणि यादीत सगळ्यात वर कोण?
दोन ओळींचं एक फंक्शन.
त्याचं काम एवढंच:
बंद केलेले इंटरप्ट पुन्हा सुरू करायचे.
एकतीस टक्के वेळ म्हणे त्यानेच खाल्ला.

ताइमी हसते. सतरा वर्षं हेच बघते आहे.
कर्नल कडी लावून आत काही करत बसला
की टकटक उंबऱ्याशी ताटकळते.
दार उघडलं की घुसते आत
आणि समोर जो दिसेल,
हातात अजून कडीच असलेला,
त्याचं नाव लिहून घेते.
आत इतका वेळ बसलेला
मागच्या दारानं केव्हाच गेला.
चोर सोडून संन्याशाला सुळी.

पाच वाजले. फोन करायचा.
वडील कायानीला, एकटे.
गेल्या महिन्यात बर्फावर घसरले,
तेव्हापासून ती दर तासाला फोन करते.
आज हा नववा.
तेरा वेळा वाजल्यावर उचलतात. धापा.

"इतका वेळ का लागला? दम का लागलाय?"
"फोन ओसरीत आहे," कालेर्वो म्हणतो,
"आणि मी खुर्चीत.
सकाळपासून जाळं विणायला घेतलंय.
तू फोन केलास की उठतो,
परत येतो तर कुठल्या गाठीवर होतो ते आठवत नाही.
पहिल्यापासून मोजतो.
चाळीस झाल्यात. फोन नसता तर दोनशे झाल्या असत्या.
आणि दम म्हणशील,
तर तू विचारतेस तेव्हाच लागलेला असतो."

ताइमी काही बोलत नाही.
ओस्मोने कॉफी ठेवली आहे, ती निवते.

मग चार हजार खोडून
ती लिहिते सत्त्याण्णव.
आणि टकटकीसाठी निवडते तो एकच इंटरप्ट
ज्याच्यापुढे कुठलीच कडी लागत नाही.
एवढं पुरतं. अर्ध्या तासात सापडतो
आत बसलेला: ड्रायव्हरमधला एक लूप,
आकडेवारी जमवणारा,
कुणीतरी कधीतरी "फक्त बघायला" म्हणून घातलेला,
काढायचा राहून गेलेला.

सहा वाजतात. ती फोन करत नाही.
सहा दहा. स्क्रीनकडे बघते, फोनकडे बघते.
सहा वीसला फोन वाजतो.
"काय झालं?" कालेर्वो विचारतो,
धापा टाकत, ओसरीतून.
"फोन का नाही केलास?"

"काही नाही. जाळं कुठवर आलं?
किती गाठी झाल्या?"

"मोजल्या नाहीत."